पडवी हाच वर्ग

मास्तरकीत पगार कमी मिळतो, पण किस्से भरपूर मिळतात. आम्ही दोनचार जुने मास्तर मांडवीच्या बंदरावर बसलो, की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो आणि घरी जायची वेळ टळून जाते. आमच्या रत्नागिरीच्या शाळेत धर्म, राजकारण आणि शिक्षण ही तिन्ही खाती एकाच खोलीत होती, त्यामुळे मला काही रचून सांगावं लागत नाही!

तीस सालच्या आसपासच्या या गोष्टी. हेडमास्तर गोविंदराव, उर्दू वर्गाचे काझी मास्तर आणि सगळ्यांत धाकटा मी, असा आमचा कंपू. स्कूल बोर्डाचे मेंबर अण्णा वकील चहाच्या वेळेला बरोबर टपकायचे.

*

सरकारची ऑर्डर आली. सगळ्या जातींची मुलं एकाच वर्गात बसवा!

आमच्याकडे महाराचा एकच मुलगा होता, महादू. तो बाहेर पडवीत बसायचा आणि दारातून जेवढं ऐकू येईल तेवढं शिकायचा. त्याचे वडील रामा हवालदार, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांचं मागणं एकच होतं, पोराला आत बसवा.

हेडमास्तरांनी ऑर्डर तीनदा वाचली. मग सुताराला बोलावलं आणि वर्गाचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं!

"झालं," हात झटकत ते म्हणाले, "आता पडवी हाच वर्ग. लिहा रिपोर्ट."

रिपोर्ट मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं होतं. वर हसलोही. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पावसाळ्यात उघड्या दारातून झड थेट फळ्यापर्यंत आली आणि वर्गातली सगळी पोरं सारखीच भिजली.

"घ्या," काझी मास्तर म्हणाले, "ऑर्डर अमलात आली!"

*

महादूला छडी कशी मारायची, हा हेडमास्तरांपुढचा मोठा पेच. छडीचं एक टोक आपल्या हातात आणि दुसरं त्याच्या पाठीवर, मग विटाळ मधून येतो की नाही?

शेजारच्या शास्त्रीबुवांनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि निकाल दिला. "हातात धरलेली छडी विटाळ आणते. हातातून सुटलेली आणत नाही."

झालं! हेडमास्तर छडी फेकून मारू लागले. पहिली भिंतीवर आपटली. दुसरी पाण्याच्या माठावर बसली आणि अख्खी शाळा दिवसभर तहानेली राहिली. महादूला मात्र वर्षभरात एकही लागली नाही.

वर्ष संपायच्या आत पाच भटा-बामणांच्या पोरांचा सही केलेला अर्ज आला. "आम्हांस पडवीत बसविण्याची मेहेरबानी व्हावी."

*

सुट्ट्यांच्या यादीवरून बोर्डात रणं माजायची. एकाला एकादशी हवी, दुसऱ्याला शुक्रवारची अर्धी सुट्टी, तिसऱ्याला ग्रहणाची. वर लाटसाहेबांचा दौरा होताच. कुणालाच दुखवायचं नाही, म्हणून हेडमास्तरांनी सगळ्याच सुट्ट्या मान्य करून टाकल्या.

काझी मास्तरांनी यादी खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"अवो हेडमास्तर, सगल्या देवांचा मान राखलात, सरकारचाबी राखलात. आता येकादा दिवस शालेलाबी द्या!"

*

अण्णा वकील पक्के नास्तिक. चहाचा कप हातात आला की, "देव नाही! कुणी दाखवावा मला!" म्हणून टेबलावर मूठ आपटायचे. कपातला चहा बशीत यायचा, पण देव काही यायचा नाही.

एकदा महादूच्या बसण्याचं विचारायला हवालदार त्यांच्या घरी गेले. अण्णांनी त्यांना अंगणातच उभं केलं आणि स्वतः ओटीवरून अर्धा तास सांगितलं, की सोवळंओवळं हे सगळं थोतांड आहे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण घरात मातोश्री आहेत ना! त्यांना कोण समजावणार? म्हणून वर बोलावत नाही."

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायब, देव मानणारे आमाला देवळाभाईर ठेवतात, न मानणारे घराभाईर. आमी कुनाच्या बाजूनं व्हायचा, तेवढा सांगा."

अण्णांना म्हणे तेवढ्यात कोर्टाचं काम आठवलं.

*

हेच अण्णा पुढं निवडणुकीला उभे राहिले. पेन्शनर म्हणून हवालदारांना मत होतं. त्यामुळे अण्णा महारवाड्यापर्यंत चालत गेले आणि त्याच्या दगडी गडग्याच्या अलीकडे थांबून ओरडले, "हवालदार! स्वराज्यात आपण सगळे एक! मत मलाच!"

हवालदार तिकडून ओरडले, "आवाज पोचला, सायब! मतबी असाच लांबनं टाकतो. पेटीत नाय पडला तर रागवू नका!"

*

शेवटी डिपोटी साहेब तपासणीला यायचं ठरलं. मुलं खरंच एकत्र बसतात का, हेच ते पाहणार होते. खोटा रिपोर्ट उघडा पडला तर हेडमास्तरांची नोकरी जाणार, आणि अक्षर माझं असल्यामुळे माझीही.

हेडमास्तर घरोघर फिरले. "एका दिवसाचा प्रश्न आहे. महादू आत बसेल. शाळा सुटली की पोरांना आंघोळ घाला, म्हणजे झालं." वर्गातही तेच बजावलं.

त्या दिवशी महादू दुसऱ्या रांगेत तरटावर बसला. शेजारी अण्णा वकिलांचा पुतण्या नाना. बाहेर अंगणात रामा हवालदार खाकी कोट आणि बिल्ले लावून ताठ उभे.

डिपोटी साहेब सरळ महादूपाशीच आले. "काय रे, तू रोज इथंच बसतोस?"

महादूनं हेडमास्तरांकडे पाहिलं. ते डोळ्यांनीच विनवत होते. पोराला काय वाटलं कुणास ठाऊक!

"व्हय सायब. हितंच बसतो."

साहेबांनी शेरेबुकात तसं लिहिलं, सही ठोकली आणि टांग्यात बसून गेले.

हेडमास्तरांनी पागोटं काढून घाम पुसला. "शाबास रे महादू! आता उचल पाटी आणि..." त्यांचं बोट पडवीकडे वळलं होतं.

तेवढ्यात हवालदार उंबऱ्याशी आले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला.

"मास्तर, माजा पोरगा आजवर कदी खोटा बोलला नाय. आज तुमच्या नोकरीपायी बोलला. त्याचा बोलणा तेवढा खरा करा."

हेडमास्तरांचं बोट तसंच हवेत राहिलं. माझी मान खाली गेली. काझी मास्तर पलीकडच्या वर्गातून येऊन दारात थांबले.

आणि महादूशेजारचा नाना हात वर करून उभा राहिला.

"मास्तर, मग आज घरी जाऊन आंघोळ करायची की नाही?"

हेडमास्तरांनी बोट खाली घेतलं. पागोटं डोक्यावर ठेवलं.

"आंघोळ रोजच करायची असते, गाढवा! बस खाली, आहेस तिथंच!"