नंतर चहाला बोलू

आमचं सकाळचं विमान आप्पांच्या भिडेपायी कायमचं बंद झालं. आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

आप्पा म्हणजे आमच्या लहानशा विमान कंपनीचे मॅनेजर. गाव दौंड तालुक्यात, भीमेकाठी. मी शिरूरचा, त्यांच्या हाताखाली. दोघांचीही भाकरी त्या एका विमानावर.

विमान उतरवायचं, उभं करायचं, प्रवाशानं टर्मिनल वापरायचं, सगळ्याला पैसे. विमानतळवाले दर मागतात आणि दिल्लीचं नियामक मंडळ ते पाच वर्षांसाठी ठरवून देतं. इमारतीचा खर्च, त्यावरचा परतावा, सगळं येणाऱ्या प्रवाशांवर वाटायचं. आणि अंदाजापेक्षा प्रवासी कमी आले तर? तूट पुढच्या पाच वर्षांच्या दरात! म्हणजे दुकान चाललं नाही म्हणून उरलेल्या गिऱ्हाइकानं जास्त मोजायचं. वा रे न्याय! शिरूरच्या बाजारात कुणी असं बोललं असतं तर लोकांनी तिथंच झोडपला असता.

पण दर ठरवण्याआधी मंडळ विमान कंपन्यांना सभेला बोलावतं, हरकती ऐकतं. आम्हाला तेवढीच एक वाट होती. या वेळी मागितलेले वाढीव दर लागले तर विमान काढून घेणार, असं कंपनीच्या मालकांनी, आमच्या साहेबांनी, स्पष्ट सांगितलं होतं. सभा ऑनलाइन होती. कंपनीनं भाडं वाचवायला ऑफिस सोडलं होतं, म्हणून आप्पांच्या ओसरीवरच लॅपटॉप मांडला.

आमच्याकडं सोसायटीची सभा असो नाहीतर ग्रामपंचायतीची, शहाणा माणूस भर सभेत विरोध करत नाही. तिथं मान डोलवायची. सभा उठली की समोरच्याला चहाला गाठून काय ते मोकळं बोलायचं. आप्पांचे केस त्यातच पांढरे झाले होते.

"विमान कंपन्यांपैकी कुणाची हरकत?" मंडळाच्या अधिकाऱ्यानं विचारलं. मी माइककडं हात नेला तर आप्पांनी मनगटच धरलं.

"भर सभेत न्हाई, लेका. मोठा माणूस हाय. नंतर चहाला बोलू."

"आप्पा, ही गावची सभा न्हाई!" मी म्हणेपर्यंत बाकीच्यांचं बोलून झालं, सभा संपली, पडदा काळा झाला. आप्पा बघतच राहिले.

"आता मंडळाच्या साहेबाला गाठायचं कुठं?" त्यांनी खरंच विचारलं. मला हसावं की रडावं कळेना.

लेखी पाठवू म्हटलं, तर म्हणाले, "कागद म्हंजी भांडण. आधी फोनवर बोलू." फोन कुणी उचलला नाही. लेखी हरकतीची मुदत निघून गेली. मोठ्या कंपन्यांनी पानंच्या पानं हरकती लिहून स्वतःपुरतं थोडंफार पदरात पाडून घेतलं. आम्ही मात्र संस्कार सांभाळत बसलो! चीड आली होती नुसती.

नवे दर लागले. मग त्याच ओसरीवर, त्याच लॅपटॉपवर आमच्या साहेबांनी विमान बंद केल्याचं सांगितलं. आमची नोकरीही त्या महिन्यापुरतीच.

"कुणाला काही बोलायचंय?"

माझ्या मनगटावर पुन्हा आप्पांचा हात आला. "नंतर बोलू," ते हळूच म्हणाले. साहेबांनी सभा संपवली, पडदा पुन्हा काळा झाला.

"नंतर कवा, आप्पा?" मी ओरडलोच. "आता नंतर कवा?"

आप्पांनी माझा हात सोडला. काळ्या पडद्याकडं वळले, टोपी नीट केली आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आमची हरकत हाय."