सातच्या ताईंचा खोकला

सातच्या ताईंचं खरं नाव बँकेला आणि त्यांच्या नवऱ्याला तेवढं आठवत असेल. शहरातल्या रेडिओवर रोज सकाळी "नमस्कार, सकाळचे सात वाजले आहेत" हे वाक्य वर्षानुवर्षं त्यांनी म्हटलं आणि हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. त्या वाक्यावर लोकांनी डबे भरले, दाढ्या उरकल्या, बस पकडल्या. आवाज असा स्वच्छ की कुठे खरखर म्हणून नाही. ताईंना शिकवणच तशी होती: खोकला आला तर आधी माईक बंद करायचा, मग खोकायचं. आपलं दुखणं ऐकणाऱ्याच्या कानी घालायचं नसतं.

मग एका कंपनीने शहरातली तिन्ही रेडिओ केंद्रं एकापाठोपाठ एक विकत घेतली. पाट्या तीन राहिल्या, आतली माणसं मात्र गेली. गाणी, बातम्या, गप्पा, सगळं लांबच्या एका मोठ्या शहरातून येऊ लागलं. इथे धुक्यात समोरचा माणूस दिसत नसायचा आणि रेडिओवरची मुलगी हसत सांगायची की आज काय लख्ख ऊन पडलंय! ताईंच्या हाती नारळ दिला गेला. टेपवरचा त्यांचा आवाज मात्र कंपनीने रोज सातला वाजवायला ठेवून घेतला, कारण कधीकाळी सही केलेल्या करारात तशी सोय होती. बाई घरी आणि तिचा आवाज नोकरीवर, असला उफराटा न्याय मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ताई रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबरच घरी बसवलेले जुने तंत्रज्ञ काका होते. दोघांनी मिळून इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, गच्चीवर अँटेना उभी केली आणि वस्तीच्या छोट्या रेडिओची परवानगी मिळवली. "आपल्या अख्ख्या केंद्रापेक्षा खालची इस्त्री जास्त वीज खाते," असं काका अभिमानाने सांगायचे. पल्ला जेमतेम, नदीवरच्या पुलापर्यंत. पूल ओलांडला की ताई संपल्या आणि खरखर सुरू. पण पुलाच्या अलीकडे कुठल्या गल्लीत पाणी उशिरा येणार, कुठला दवाखाना आज बंद आहे, कुणाची म्हातारी आई घराची वाट विसरून बाजारात बसली आहे, हे तिथेच कळायचं.

पंचाईत एकच होती. सात वाजता ताई इकडे बोलायच्या आणि त्याच क्षणी कंपनीच्या मोठ्या केंद्रावरही टेपमधून ताईच बोलायच्या. लोकांना वाटायचं, बाई तीच, मग मोठं केंद्र काय वाईट? खुद्द घरात सासूबाईंचा स्वयंपाकघरातला रेडिओ तिकडेच लावलेला.

"आई, मी तिथे नसते आता. इकडचं लावा ना," ताई म्हणायच्या.

"तुझाच तर आवाज आहे. आणि कसा खणखणीत येतो. तुझं ते इवलंसं केंद्र मिक्सर लावला की गुल होतं."

सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी येतं. ताईंनी उपाय शोधला तो अगदी त्यांच्या वळणाचा: तिकडच्यापेक्षा चोख बोलायचं. रोज गुळण्या, खिडक्या घट्ट बंद, एक शब्द इकडचा तिकडे नाही. जितक्या चोख बोलल्या तितक्या त्या टेपसारख्या वाटू लागल्या, आणि एवढ्या हुशार बाईला ते कळू नये याचा मला आजही राग येतो.

अशात परवानगीची मुदत संपत आली. या केंद्राला कुणी ऐकत नाही, त्याची हवेवरची जागा आम्हाला द्या, असा अर्ज कंपनीने केला. अधिकाऱ्यांनी सुनावणी ठेवली. ऐकणारे असतील तर त्यांनी स्वतः येऊन सांगावं, एवढंच म्हणणं होतं.

"हॉल रिकामा राहिला तर या शहरात हवेवर एकही जिवंत माणूस उरणार नाही," ताई काकांना म्हणाल्या.

आणि नेमका सुनावणीच्या आठवड्यात त्यांचा घसा बसला. काका म्हणाले, "आज गाणी लावून टाकू."

"नाही. एक दिवस गप्प राहिले तर ते म्हणतील बंदच पडलं. तुम्ही माईक सुरू करा."

सात वाजता त्या बोलल्या तेव्हा बेडूक बरा वाटावा. "सकाळचे सात..." आणि खोकल्याची उबळ आली. माईक बंद करायला हात पोचेपर्यंत अख्ख्या वस्तीने तो खोकला ऐकला होता.

पहिला फोन खालच्या इस्त्रीवाल्याचाच. "ताई, तुम्हीच ना? मग मोठ्या केंद्रावर आत्ता ठणठणीत कोण बोललं?" त्यानंतर फोन खाली ठेवायला उसंत नाही. कुणी हळद सांगितली, कुणी वाफ, कुणी तर गप्प बसण्याचा सल्ला दिला. ताईंनी तेही घोगऱ्या आवाजात हवेवर सांगून टाकलं. थोड्या वेळाने जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या होत्या, हातात गरम पाण्याचा थर्मास.

"शेजारणीकडून कळलं मला," त्या दारातच म्हणाल्या. "घरात रेडिओ चालू असून शेजारणीकडून."

सुनावणीला हॉल भरला. खोकल्याची गोष्ट कानावर गेलेली पुलापलीकडची माणसंही आली, ज्यांना केंद्र ऐकूसुद्धा येत नव्हतं. कंपनीचा व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला, "ताईंचा आवाज आमच्याकडे रोज असतोच. लोकांना काहीही कमी पडणार नाही."

सासूबाई उठल्या. अशा ठिकाणी त्या जन्मात बोलल्या नव्हत्या, पण आवाज कापला नाही.

"साहेब, परवा माझ्या सुनेचा घसा बसला होता. यांच्याकडची मात्र टुणटुणीत होती. यांच्याकडची कधी खोकतच नाही. माझी सून उद्या मेली, तरी परवा सकाळी ती यांच्याकडे सात वाजल्याचं सांगेल, आणि मी स्वयंपाकघरात ते ऐकत बसेन. मला असला रेडिओ नको."

व्यवस्थापकाने समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच परत ठेवला.

निकाल यायला वेळ लागला, पण परवानगी ताईंकडेच राहिली. ज्या दिवशी ती हातात पडली, त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी खोलीची खिडकी सताड उघडली. घसा केव्हाच बरा झाला होता. सवयीने तो साफ करायला गेल्या आणि थांबल्या. आधी माईक सुरू केला, मग चांगला खाकरून घसा साफ केला, आणि मग म्हणाल्या, "सकाळचे सात वाजले आहेत. आई, गॅस बारीक करा."

घरी सासूबाईंनी गॅस बारीक केला.