क्वार्टरपुढची हरळी

"रिकाम्या हातानं आलात?" आमच्या स्टेशन मास्तरांची पत्नी दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. तुम्हाला वाटेल, बाई लोभी असावी. पण तिला हवं असायचं शेण, पालापाचोळा, भुईमुगाची टरफलं. "मातीला भूक लागलीय हो," ती म्हणायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. नंदुरबारजवळच्या एका लहान स्टेशनावर मी तारबाबू होतो. मास्तरांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्यांची पाच वर्षांची मुलगी तापातून वाचली होती, पण पायांतलं बळ गेलं होतं. तिला रोज उभी करा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. क्वार्टरपुढं मात्र नुसता मुरूम आणि इंजिनाची राख. त्यावर एकदा तोंडघशी पडल्यापासून पोर उभं राहायचं नाव घेईना. म्हणून वहिनींना तिथं हिरवळ हवी होती.

तापीकाठच्या प्रकाशा गावाकडचे गुजर शेतकरी कापसाच्या गाड्या मालधक्क्यावर सोडत. त्यांच्या बैलांचं शेण वहिनी स्वतः पाटीत भरून आणत. कारण कळलं तसं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कापसाबरोबर तापीच्या गाळाची पोती आणायला सुरुवात केली. मुरूम खणून त्यात गाळ आणि शेणखत मिसळलं, आणि पावसाळ्यात वहिनी हरळी लावायला बसल्या. रूळ सांभाळणाऱ्या गँगमनची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, आम्ही वावरमाईन हरळी उपटी उपटी थकी गऊत, अन् तू लाई ऱ्हायनी?"

"मग तुमच्या वावरातली सगळी मला द्या!"

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर भारा घेऊन हजर.

हिवाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांना त्या हिरवळीवर खुर्ची टाकून चहा प्यायचा होता. वहिनी म्हणाल्या, "साहेब, चहा ओट्यावर घ्या. इथं बूट नकोत." मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी गवतावर बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि ओटा गाठला.

पुढं एका संध्याकाळी ती पोर आपली आपण उभी राहिली. क्षणभरच, मग धप्पकन पडली. मास्तर धावले. वहिनींनी त्यांना हातानं अडवलं. "पडू दे. लागत नाही तिथं." पोर खिदळली आणि पुन्हा हात टेकून उठू लागली. वहिनी तोंड फिरवून नसलेलं तण उपटत राहिल्या.

दीडेक वर्षानं मास्तरांची बदली झाली. निरोपाला आम्ही सगळे जमलो होतो. मुलगी एक पाय ओढत, कुणाचाही हात न धरता खडीवरून गाडीकडे निघाली. मागून वहिनी, दोन्ही हातांत बोचकी. गवताकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नजर पुढं चाललेल्या लेकीच्या पावलांवर. डब्यापाशी पोहोचून पोर वळली आणि वैतागून म्हणाली, "आई, किती हळू चालतेस गं!"

वहिनींना हसू आवरेना, आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.