गेस्ट की व्हिजिटर

कॉलेजात मी इंग्रजी शिकवते, आणि हे दोन शब्द दरवर्षी न चुकता फळ्यावर लिहिते. व्हिजिटर म्हणजे कुणीही येणारा. कामाला येईल, बघायला येईल, निघून जाईल. गेस्ट म्हणजे ज्याच्या येण्याने आपल्याला बरं वाटतं, ज्याला आपण बसवतो, ज्याचं हवं-नको बघतो. मुलं माना डोलावतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

परळच्या आमच्या टॉवरमध्येही हेच दोन शब्द चालतात. कुणी आलं की वॉचमन इंटरकॉमवर विचारतो, गेस्ट की व्हिजिटर? गेस्ट समोरच्या लिफ्टने थेट हॉलच्या दाराशी. व्हिजिटरने वहीत सही करायची, गळ्यात बिल्ला अडकवायचा आणि मागच्या लिफ्टने किचनच्या दाराने यायचं.

त्या रविवारी आमच्या प्राचार्यबाई पहिल्यांदाच घरी चहाला आल्या होत्या. इंटरकॉम वाजला. खाली काळाचौकीची आत्या, न कळवता आलेली. आई गेल्यावर हिनेच मला चाळीतल्या एका खोलीत वाढवलं, एम.ए.पर्यंत शिकवलं. आणि त्या क्षणी मला काय सुचावं? तिचा मोठा आवाज, पिशवीत नेहमी असणाऱ्या बांगड्याच्या तिखल्याचा, मासळीचा वास, आणि सोफ्यावरच्या बाई. मी हळूच म्हटलं, "व्हिजिटर." जीभ कशी झडली नाही माझी.

आत्या बिल्ला घालून मागच्या दाराने आली. मी तिला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. "बाहेर कॉलेजच्या मोठ्या बाई आल्यात गं," म्हटलं. तिने मान हलवली. पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने घेतलं. मग अगदी हळू, हो, माझ्यासाठी तिने आवाजही खाली आणला, विचारलं, "तू इंग्लिश शिकवतंस मां? तो फोनवर तुका इचारी होतो, गेस्ट की व्हिजिटर. त्यात फरक काय गो?"

वर्गात तासभर फाडफाड बोलणारी मी म्हणाले, "काही नाही गं, दोन्ही एकच." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तशीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले.

महिन्याभराने दुपारी तिचा फोन आला. खाली गेटवरूनच बोलत होती. "वर येणय नाय गो. घावने वॉचमनाकडे ठेवलंय. तुझ्याकडे कोण मोठा माणूस इला असात."

घरात मी एकटीच होते.