पाठ केलेलं स्वमत

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा आधी मला तिचा रागच आला. दहावीची परीक्षा तोंडावर, मराठीचा अभ्यासक्रम नवाकोरा, वर्गातल्या निम्म्या मुली अजून चाचपडतायत, आणि ही बाई रात्री झोपली ती उठलीच नाही... आम्ही इतकी वर्षं एका शिक्षकखोलीत शेजारी बसलो, ती मराठीची, मी गणिताची. एवढ्या वर्षांत तिने एक काम वेळेवर केलं असेल तर शपथ. हे तेवढं वेळेआधी केलं.

अभ्यासक्रम बदलला की आम्हा शिक्षकांची तारांबळ उडते. नवे धडे, नव्या कविता, प्रश्नपत्रिकेचा नवा आराखडा, वर सुट्टीत प्रशिक्षण. शैला मात्र अशा वर्षी सण असल्यासारखी खूश असायची. कारण नव्या पुस्तकाची गाइडं बाजारात यायला दिवाळी उजाडते, आणि तोवर मुलींना स्वतः विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं. परीक्षेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. धडा वाचून तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं. हे स्वमत आपल्याकडे तयार मिळतं आणि मुली ते पाठ करतात. घरोघरी आया विचारतात, “स्वमत पाठ झालं का गं?” यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या गणितात उत्तर एकच असतं, तरी प्रत्येक वहीत चूक वेगळी सापडते. शैलाच्या गठ्ठ्यात मात्र अख्ख्या वर्गाचं मत स्वल्पविरामासकट एक.

यंदाच्या पुस्तकात एक गोष्ट आहे. म्हातारा दारातला आंबा तोडतो आणि त्या जागी मुलासाठी खोली बांधतो. त्याने केलं ते बरोबर का, असं शैलाने जूनमध्येच वर्गाला विचारलं. मागच्या बाकावरच्या गौरीने लिहिलं, ‘मला मत नाही.’ शैलाने कागद परत दिला. गौरीने शेजारणीचं उतरवून आणलं. तोही परत. तिसऱ्यांदा तिने लिहिलं की म्हाताऱ्याने बरोबर केलं, आम्ही सहा जण एका खोलीत राहतो, मला आंबा नको, दार लावता येईल अशी खोली हवी. तो कागद घेऊन शैला माझ्याकडे जवळजवळ धावतच आली.

मी वाचला आणि म्हटलं, “छान आहे. पण बोर्डात याला मार्क कोण देणार? तिथे झाडं वाचवायची असतात.”

“तू गणित शिकव,” ती म्हणाली.

मुख्याध्यापिकांनीही गोड शब्दांत सांगून पाहिलं, “शैलाताई, शाळेचा निकाल असतो. थोडं लिहून द्या ना मुलींना.” त्यावर हिचं उत्तर, “देते की. मग परीक्षेलाही मीच बसते.” मी मात्र तिच्यावर खरंच चिडले होते. “या मुलींचं पुढचं सगळं मार्कांवर आहे, शैला. तुझ्या हट्टापायी गेले तर?” ती म्हणाली, “तीच भीती मलाही वाटते गं... पण एकदा तरी आपलं आपण लिहू देत.”

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुस्तकं बघायला अप्पा बळवंत चौकात गेलो, ती आमची शेवटची भेट. गाइड आलं होतं. शैलाने दुकानातच आंब्याच्या धड्याचं स्वमत काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली, ‘वृक्ष हे आपले मित्र आहेत...’ दुकानदार म्हणाला, “बाई, घ्यायचं असेल तर घ्या. वाचनालय पुढच्या गल्लीत आहे.” तिने ते आपटून ठेवलं आणि घरी जाईपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

सुट्टीनंतर तिच्या जागी नव्या बाई आल्या, आणि शाळेत शोकसभा झाली ती महिन्याभराने. पहिली मुलगी उभी राहिली. “शैलाबाई आम्हाला मातेसमान होत्या. त्या अत्यंत शांत स्वभावाच्या होत्या.” दुसरी तेच म्हणाली. तिसरीही तेच. कोणीतरी आदल्या दिवशी लिहून दिलं होतं, दुसरं काय. मी दात-ओठ खात बसले होते. मग गौरी उठली.

“बाई शांत नव्हत्या,” ती म्हणाली. “खूप ओरडायच्या. माझा कागद सारखा परत द्यायच्या, तेव्हा मला त्या आवडायच्या नाहीत.” मुख्याध्यापिका बस, बस अशा खुणा करू लागल्या. गौरीने तिकडे पाहिलंच नाही. “नव्या बाई स्वमत लिहून देतात. मी माझं लिहिते. त्या बरोबरची खूण करतात, पण वाचत नाहीत.” एवढं बोलून ती खाली बसली, आणि मला इतका वेळ न आलेलं रडू आलं.

आता दर शनिवारी शाळा सुटली की गौरी तिचा कागद घेऊन माझ्याकडे येते. मला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी वाचते. परवा वाचून झाल्यावर म्हटलं, “हे तुझं वाटत नाही.” आणि कागद परत दिला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, तिथेच बाकावर बसली आणि पुन्हा लिहायला घेतलं.