न पाहिलेल्या देशाची रोटी

विलायतेतल्या हॅरोच्या शनिवारच्या बाजारात एक म्हातारी आर्मेनियन बाई लवाश विकायची. लवाश म्हणजे आपल्या रुमाली रोटीसारखी पातळ, ऐसपैस रोटी. गिऱ्हाइकाला देण्याआधी ती प्रत्येक रोटीवरून हात फिरवायची, झोपलेल्या नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आर्मेनियाची सहल करून आलो, तेव्हा मी तिच्यापुढे भरपूर मिरवून घेतलं. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला खिमा, जमिनीतल्या तंदुरातून काढलेली गरम लवाश, सगळं खाऊन आलो म्हणालो.

तिचा हात थांबला. "माझा जन्म बैरूतचा. तिकडे जाणं कधी झालंच नाही, आणि आता हे गुडघे जाऊ देणार नाहीत. सांग ना, तिथली लवाश कशी लागते? माझ्यासारखीच?"

आम्ही मंडळी परदेशी निघालो की आधी बॅगेत चटणी भरतो, मग पासपोर्ट शोधतो. आठही दिवस मी प्रत्येक घासाला शेंगदाण्याची चटणी फासली होती. आर्मेनियात जाऊन चव घेतली ती सोलापूरची!

खोटं बोलणं जिवावर आलं. सगळं कबूल केलं आणि आता ही हाकलून देणार म्हणून मान खाली घातली.

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एक रोटी माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "पुढच्या शनिवारी ती चटणी घेऊन ये. तिथं जाऊन आलेल्या माणसानं जशी खाल्ली, तशी तरी खाऊन बघते."