सिस्टर फिलोमिनाचा पासपोर्ट कुहीला जातो

सिस्टरांच्या बदल्या कोण ठरवतं कोणास ठाऊक, पण तो माणूस नागपूरचा नसावा. असता तर शेहेचाळीस अंशांत वाढलेल्या, भर एप्रिलात "कूलर बंद करा ना, थंडी वाजते" म्हणणाऱ्या चारुशीलेला त्यानं मंगोलियात धाडलं नसतं.

पण धाडलं. नागपूरच्या कडेला, बेसाला राहणाऱ्या प्रयागबाईंची ही धाकटी लेक व्रत घेऊन सिस्टर फिलोमिना झाली आणि आता उलानबातरच्या कडेला, गोल तंबूंच्या वस्तीत, बालवाडी चालवते. पहाटेच्या प्रार्थनेला अंगात तीन स्वेटर, त्यावर झगा, त्यावर कोट. एवढं घालून गुडघे टेकले की उठायला शेजारच्या सिस्टरचा हात लागतो. दारातलं पवित्र पाणी गोठलेलं असतं. त्यावर बोट घासायचं आणि क्रूसाची खूण करायची. मग पोरांचं दूध, शेगडीची राख, आणि दुपारी उकडलेलं मेंढीचं मटण. त्यात मिठापलीकडे काही नसतं. जेवताना सिस्टर डोळे मिटून घेते. तिथल्या बायांना वाटतं, किती मनापासून देवाचे आभार मानते! खरं तर ती सावजी रश्श्याचं ध्यान करत असते.

पाच वर्षांनी सुट्टी मिळाली ती नेमकी उपवासकाळात. प्रयागबाईंच्या घरी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मटणाचं पातेलं चुलीवर चढत नाही. "नियम म्हणजे नियम," म्हणत त्यांनी लेकीपुढे पहिल्याच दिवशी दोडक्याची भाजी वाढली.

ईस्टरपर्यंत थांबायची सोय नव्हती. तिकडे दोल्गोर नावाची एक आजी बाप्तिस्म्यासाठी खोळंबली होती. दोन वर्षं शिकून, फादरांना प्रश्न विचारून विचारून दमवून, तिनं ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं होतं. अट एकच: फिलोमिना शेजारी उभी पाहिजे. "ती नसेल तर माझ्या डोक्यावर पाण्याचा थेंब पडू देणार नाही," असं तिनं फादरांना तोंडावर सांगितलं होतं. आणि सिस्टरचा व्हिसा संपलेला. नवीन परवानगी तिकडच्या कुठल्या तरी टेबलावर झोपली होती.

घरच्या रिवाजाप्रमाणे प्रयागबाईंनी पासपोर्ट मरियामातेच्या तसबिरीपुढे ठेवला. या घरात अडलेलं सगळं तिथंच जातं. हॉल तिकीट, फ्लॅटची चावी, एकदा तर बिघडलेला मिक्सरसुद्धा.

शेजारच्या रुखमाबाईंना मात्र चैन पडेना. त्यांच्या लेकीला, गुंजनला, जर्मनीत नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिच्या व्हिसासाठी सिस्टरनं मंगोलियातून फोनवर प्रार्थना केली होती आणि तो व्हिसा धाडकन आला होता.

"आमच्या गुंजनसाठी तुम्ही मागितलं," रुखमाबाई म्हणाल्या, "आता तुमच्यासाठी कोण मागते वं सिस्टर?"

"मी स्वतःसाठी मागत नसते, मावशी. बाकीच्यांची रांग मोठी असते न."

"मंग झालं कल्याण!"

त्या दुपारी सिस्टर चर्चमध्ये गेली असताना रुखमाबाईंनी पासपोर्ट उचलला. प्रयागबाईंनीच दिला. "आमच्यात नवस-बिवस नाही हो," रुखमाबाईंनी बजावलं, "पण वंदनेच्या वेळी बाजूले ठेवला तर काय बिघडते?" बुद्धविहारातून परतताना भेटली समोरच्या घरातली देवकी. ती माहेरी निघाली होती, कुहीला, मारुतीच्या सप्त्याला. "आमच्याही देवापुढे ठेवू द्या की!" ती म्हणाली, आणि पासपोर्ट तिच्या पर्समध्ये बसून कुहीच्या गाडीला लागला. सिस्टरला सांगायचं राहून गेलं. म्हणजे रुखमाबाईंनी प्रयागबाईंच्या कानावर घातलं, पण सिस्टरला सांगायचं दोघींनी एकमेकींवर सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरातल्या सदरहून व्हिसाचे एजंट वामनराव यांचा फोन आला. "सिस्टर, परवानगी आली! आज माझा माणूस दिल्लीले, वकिलातीत चालला. चारच्या आत पासपोर्ट आणून द्या. आज चुकलं तर मंग ईस्टर झाल्यावरच."

सिस्टर नाचतच तसबिरीपाशी गेली. मरियामाता होती, मेणबत्ती होती. पासपोर्ट नव्हता.

"आई! माझा पासपोर्ट कुठाय?"

प्रयागबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुहीले गेला असंल."

"पासपोर्ट? एकटाच?"

"एकटा कायले? देवकी हाय न सोबत."

भाचा अश्विन स्कूटी काढून तयारच होता. अशी संधी आयुष्यात दोनदा येत नाही हे त्यानं ओळखलं होतं. उमरेड रोडला लागेपर्यंत आत्याचा पांढरा झगा मागं असा फडफडायला लागला की दिघोरीच्या चौकात एक ट्रकवाला हॉर्न द्यायचं विसरला.

"आत्या, घोड्यावर बसते का वं तिथं?"

"बसते."

"मंग स्कूटीवर काहून ओरडून राहिली?"

"घोड्याले पुढचं दिसते, अश्विन!"

कुहीच्या मंदिरात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. मांडवात सगळं गाव. पासपोर्ट मारुतीच्या पायाशी, रुईच्या पानांखाली. एक निळं टोक तेवढं दिसत होतं. सिस्टरला पाहून देवकी धावत आली.

"अवं सिस्टर! बसा न, बसा!"

"देवकी, मले तो पासपोर्ट पायजे. आत्ता."

देवकीचा चेहरा उतरला. "आत्ता कसा देऊ? काल्याची हंडी फुटेपर्यंत देवापुढचं काही उचलत नाही आमच्यात."

"केव्हा फुटते?"

"महाराजांचं झालं की."

महाराजांचं मात्र होत नव्हतं. नवीन माइक होता आणि त्यांना स्वतःचा आवाज फार आवडला होता. कृष्ण नुकताच रांगायला लागला होता; हंडीपर्यंत पोचायला त्याला अजून बराच अवकाश होता. अश्विननं घड्याळाकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. सिस्टर बायांमध्ये मांडी घालून बसली. शेजारच्या म्हातारीनं तिच्या मांडीवर नातू ठेवला आणि "आशीर्वाद द्या वं" म्हणाली. तिनं दिला. मग तिला दोल्गोर आजी दिसली, हात मागं बांधून फादरांसमोर अडून बसलेली. सिस्टरनं झग्याच्या खिशात जपमाळ चाचपली, डोळे मिटले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं. "देवा, मी त्रास देत नसते. या महाराजांचंही भलं कर. पण आता आवर."

लाइट गेली.

माइक मेला, पंखे थांबले. महाराजांनी दोन वाक्यं नुसत्या गळ्यानं म्हणून पाहिली, मागच्या रांगेतून "आवाज नाही येऊन राहिला!" असा ओरडा झाला, तशी त्यांनी कृष्णाला एका दमात मोठा केला आणि थेट हंडीखाली उभा केला.

"आत्या," अश्विन कुजबुजला, "तू केलं का हे?"

"मी फक्त विचारलं."

हंडी फुटली, "जय" झाला, देवकीनं पासपोर्ट उचलून आधी कपाळाला लावला आणि मग दिला. पण पंगत चुकवून जायचं? चार जणींनी सिस्टरला धरून बसवलं. वांग्याची भाजी आली, वर तर्रीचा लाल तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि तोंडावर असं हसू की वाढणारी आणखी वाढायला पळी घेऊन परत फिरली. झग्यावर तर्री सांडली ती सांडलीच.

सदरला पोचले तेव्हा वामनरावांचा माणूस बॅग खांद्याला लावून जिन्यात उभा होता. वामनरावांनी पासपोर्ट उघडला. आतून मरियामातेचं छोटं चित्र पडलं. मग विहारातली पांढऱ्या फुलाची पाकळी. मग रुईचं पान. शेवटी काल्याच्या दह्यानं चिकटलेला ज्वारीच्या लाहीचा एक दाणा.

"सिस्टर, हा पासपोर्ट आहे का परसादाचा डबा?"

त्यांनी तो रुमालानं पुसला, माणसाच्या हाती द्यायला गेले, थांबले, आणि इकडंतिकडं पाहून हळूच स्वतःच्या कपाळाला लावला.

व्हिसा आला. त्या संध्याकाळी प्रयागबाईंच्या अंगणात भांडण जुंपलं की काम कोणामुळे झालं. देवकी मारुतीवर अडून. प्रयागबाई म्हणाल्या, "पहिले कोणापुढे ठेवला होता ते सांगा न!" तेवढ्यात मंगोलियातून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दोल्गोर आजीचं लालबुंद तोंड. सिस्टर ऐकत गेली आणि ऐकता ऐकता तिनं कपाळावर हात मारला.

"काय म्हणून राहिली?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"म्हणते, मी लवकर यावं म्हणून ती तिथल्या जुन्या बौद्ध मठात गेली आणि प्रार्थनेची सगळी चाकं फिरवून आली. हात दुखून राहिले म्हणते."

रुखमाबाई खुर्चीतून उठल्याच. "पाहा! आमचेच निघाले!"

"तुमच्यात तर नवस नाही न?" प्रयागबाईंनी टोमणा मारला.

"नाहीच! चाक फिरवलं तिनं. व्यायाम हाय तो."

दोल्गोर आजी तिकडून अजून बोलतच होती. सिस्टर हसत हसत भिंतीला टेकली.

"आता काय?"

"विचारते, बाप्तिस्म्याच्या आधी मठात गेले, हे पाप झालं का? झालं असंल तरी हरकत नाही म्हणते. ईस्टरले पाणी पडणारच आहे डोक्यावर, त्यातच हेही धुऊन टाका."